वर राहिलेला हात

आमच्या घरात लाटणं टिकत नसे. दादा, म्हणजे माझे वडील, परंड्याहून अधूनमधून नवं आणत, आणि थोड्याच दिवसांत ते कुणाच्या तरी कोपराला नाहीतर मनगटाला बांधून गावाबाहेर निघून जाई. गेलेलं लाटणं परत आल्याचं मला आठवत नाही. माणूस बरा होऊन येई, दारात उभा राहून आईला हात वरखाली करून दाखवी, सोबत पिशवीभर वांगी किंवा तुरीच्या शेंगा आणी. लाटण्याचा विषय मात्र निघत नसे. आईही काढत नसे. आमच्याकडं पोळ्या सणावाराला व्हायच्या आणि भाकरीला लाटणं लागत नाही, म्हणून निभलं. दादांची खरी तक्रार वर्तमानपत्रांची होती. ते शनिवारी आले की आठवड्याचे अंक एकत्र वाचायचे, आणि त्यातला नेमका एखादा अंक घट्ट घड्या होऊन कबड्डी खेळणाऱ्या एखाद्या पोराच्या हाताखाली गेलेला असायचा. दादा विचारायचे, आज कोणता वार तालमीत गेला? आई म्हणायची, बुधवार.

आई ईटच्या पलीकडं एका गावात सरकारी उपकेंद्राची नर्स होती. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण त्यातली बरीच माणसं अजून आहेत, आणि आपल्या दुखण्यांची गोष्ट छापलेली त्यांना आवडेल की नाही, मला ठाऊक नाही. उपकेंद्र म्हणजे पुढं एक खोली आणि तिला लागून मागं आमचं क्वार्टर: स्वयंपाकघर, एक खोली, न्हाणी आणि वर सपाट स्लॅब. स्लॅबवर जायला जिना नव्हता. मागच्या भिंतीत लोखंडी कड्या पुरून शिडी केलेली होती. दादा परंड्याच्या एका शाळेत कारकून होते, तिथंच खोली घेऊन राहायचे. मी एकुलती एक. त्यामुळं आठवडाभर घरात आम्ही दोघीच असायचो, आणि दोघींनाही फार बोलायची सवय नव्हती.

घर मात्र गप्प नसायचं. पहाटेपासून स्टोव्ह फुरफुरत असे. एका स्टोव्हवर आमचा चहा, दुसऱ्यावर काचेच्या सिरिंजा उकळायचं भांडं. भांड्यातल्या सिरिंजा एकमेकींवर आपटून किणकिण वाजायच्या आणि त्या आवाजावर मी डोळे उघडायची. रस्त्यापलीकडं किसनअण्णांची खव्याची भट्टी होती. अण्णा गावातले मोठे शेतकरी, दावणीला पुष्कळ म्हशी, आणि भट्टीवर मोठमोठ्या कढया. सकाळी लोखंडी उलथन्यानं कढई खरवडल्याचा खर्र-खर्र आवाज सुरू झाला की दुपारपर्यंत थांबत नसे. आटणाऱ्या दुधाचा वास आमच्या कपड्यांना, केसांना, वह्यापुस्तकांना लागलेला असायचा. शाळेत मुली मला हुंगून सांगायच्या की आज भट्टी लागली होती. अण्णांच्या बायकोला, गोदाकाकूंना, मी आवडायची. कढईच्या तळाची तांबूस खरवड त्या वाटीतून पाठवायच्या. ती खरवड, भाकरी आणि येसराची आमटी असं एकत्र खाणं विचित्र वाटेल, पण मला अजून तसंच आवडतं. मुंबईच्या सुनेला ते बघवत नाही.

आईकडं बाळंतिणी यायच्या, लसीकरणाची मुलं यायची, तापाचे, जुलाबाचे, विंचू चावलेले यायचे. पण मला आठवतात ते निखळलेल्या सांध्यांचे. कारण त्यांच्यासाठी सरकारी कपाटात काहीच नसायचं. सरळ फळ्या असायच्या, त्या सरळ हाडाला चालतात. सांधा निखळलेला माणूस भलत्याच आकारात येतो. एक म्हातारे गृहस्थ जांभई देताना जबडा निखळून आले. तोंड मिटेना, बोलता येईना, लाळ गळत होती आणि त्यांना त्याचीच जास्त लाज वाटत होती. आईनं त्यांच्याच पटक्याची पट्टी हनुवटीखालून घेऊन डोक्यावर सैल बांधली, जबडा नुसता लोंबू नये एवढीच, आणि मान पुढं करून बसवलं. लाळ गळू दे आबा, ती आत गेलेली वाईट, असं सांगून भूमला धाडलं. एका मुलीची गुडघ्याची वाटी बाजूला सरकली होती. तिची मावशी पाय ओढून सरळ करायला बसली होती. आईनं मावशीला बाहेर चहा प्यायला पाठवलं आणि वाकडा पाय वाकडाच ठेवून गुडघ्यामागच्या पोकळीत आमची वाकळ गुंडाळून भरली. एका पैलवानाचा अंगठा मागं वळून मनगटाकडं गेला होता, त्याच्या मुठीत तिनं माझा जुना कापूस भरलेला चेंडू दिला. मोडलेलं हाड एक वेळ सरळ करून बांधता येतं, पण निखळलेला सांधा ज्या रूपात दारात आला त्याच रूपात बांधायचा, असं ती मदतीला आलेल्या नातेवाइकांना सांगत असे. त्याला आपल्या मनासारखं करायला जायचं नाही. बांधायच्या आधी नाडी बघायची, बोटांना स्पर्श कळतो का बघायचं, आणि बांधून झाल्यावर ते दोन्ही पुन्हा बघायचं.

हे ती मला कधीच सांगत नसे. मी ते स्वयंपाकघराच्या दारातून ऐकायची. पुढच्या खोलीत रुग्ण असताना मला पाऊल टाकायची परवानगी नव्हती. तिच्या मते एका घरात एक नर्स पुष्कळ झाली. आईचं माहेर तुळजापूरचं, मास्तरांचं घर, आणि मीही मास्तरीण व्हावं हे तिनं माझ्या जन्माच्या आधीच ठरवलेलं असावं. शिक्षिकेला रविवार असतो, ती म्हणायची. शिक्षिकेच्या दारात जेवताना कुणी रक्त घेऊन येत नाही. मी त्यावर कधी वाद घातला नाही. मला नर्स व्हायचं होतं असंही नव्हतं. मला नेमकं काहीच व्हायचं नव्हतं. बारावीची परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता, डी.एड.चं बघायला दादा उस्मानाबादला जाऊन येणार होते. धाराशिव तेव्हा सरकारी कागदांवर उस्मानाबाद होतं. मी उन्हाळाभर कुरडया-सांडगे घालण्यात आईला मदत करत होते, एवढंच.

त्या दिवशीही कुरडयाच होत्या. गव्हाचा चीक पहाटे शिजवून झाला होता. मी खाली सोऱ्या भरत होते आणि आई वर स्लॅबवर कुरडया घालून, रिकामी परात घेऊन खाली उतरत होती. एका हातात परात, एका हातानं वरची कडी धरलेली. तिचा पाय निसटला. मी ते पाहिलं नाही. मला आधी परात फरशीवर पडून गरगरत राहिल्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ थांबेना म्हणून मी बाहेर गेले.

आई भिंतीशी उभी होती. उजवा हात वर होता, कोपरात वाकलेला, आणि मनगट डोक्याच्या वर, अधांतरी. वर्गात प्रश्न विचारायला हात वर करावा आणि कुणी लक्ष देत नाही म्हणून तो तसाच डोक्यावर वाकवून ठेवावा, तसं ते दिसत होतं. मला वाटलं, ती कडी पकडण्यासाठी पुन्हा हात वर करते आहे. ती म्हणाली, स्टोव्ह बंद कर आणि स्टूल घेऊन ये. आवाज नेहमीचाच होता. मी स्टोव्ह बंद करून स्टूल आणलं, ती त्यावर बसली, तरी हात वरच होता. तेव्हा मला कळलं की तो खाली येत नाही.

पाय सुटल्यावर तिचं सगळं अंग त्या एका हातावर लोंबकळलं होतं आणि खांद्याचा गोळा खोबणीतून खाली, काखेकडं उतरला होता. हे तिनं मला सांगितलं, पण एकेका शब्दामधे श्वास घेत. तसला खांदा तिनं नोकरीत कधी पाहिला नव्हता. ट्रेनिंगच्या पुस्तकात त्याचं चित्र होतं म्हणे. आम्ही मुली त्या चित्राला हसायचो, ती म्हणाली. मग तिनं मला तिची नाडी बघायला सांगितली. हात इतका वर होता की मला स्टुलाच्या मागं पायरीवर उभं राहावं लागलं. मी तिच्या मनगटाला याआधी कधी अशी बोटं लावली नव्हती.

"मोजू नको. लागते का, एवढंच सांग."

लागत होती. मग तिनं डोळे मिटून घेतले आणि मला तिच्या बोटांना एकेक करून हात लावायला सांगितलं. तिनं सगळी बोटं बरोबर ओळखली. मग खांद्याच्या बाहेरच्या अंगाला, जिथं मुलांना इंजेक्शन देतात तिथं, बोट ठेवायला सांगितलं. मी ठेवलं. ती वाट बघत राहिली.

"ठेवलंस का?"

"ठेवलंय."

तिनं डोळे उघडले आणि समोरच्या परातीकडं बघत राहिली. इतक्या वर्षांनंतरही त्या सकाळचं मला नीट आठवतं ते हेच. नंतरचं पुष्कळसं लोकांनी सांगून सांगून माझ्या आठवणीत बसलं असेल. हे माझं आहे.

परातीचा आवाज भट्टीपर्यंत गेला होता. किसनअण्णा धोतराला हात पुसत आले, त्यांच्यामागं भट्टीवरच्या बायका, आणि हातपंपावरून डोक्यावर घागर घेऊन निघालेल्या गोदाकाकू तशाच वळल्या. आता अण्णांबद्दल सांगायला हवं. ते बैलांचे आणि माणसांचे खांदे बसवायचे. गावात त्यांच्या हाताला गुण होता, आणि तो खोटा नव्हता. तालमीतल्या पोरांचे नेहमीसारखे निखळलेले खांदे त्यांनी बसवलेले आईनं पाहिले होते. चांगला हात आहे अण्णांचा, असं ती दादांना म्हणाल्याचं मी ऐकलं होतं. ते तिला बाई म्हणायचे आणि तिच्यासमोर विडी ओढत नसत. त्यांनी एकवार बघितलं आणि म्हणाले की बाई, घाबरू नका, एक झटका लागंल. आईनं मान हलवून नको म्हटलं. हा तसला नाही, हा डॉक्टरनंच बघायला हवा, असं काहीतरी ती म्हणाली, आणि मग तिचा चेहरा पांढरा पडत गेला, घाम फुटला, मान माझ्या पोटावर कलली आणि डोळे मिटले.

बायका एकदम बोलायला लागल्या. कुणीतरी पाणी मारा म्हणालं, कुणी कांदा आणायला पळालं. हाडाचा डॉक्टर बार्शीला, बार्शी लांब आहे, बाई दुखण्यानंच जाईल, आता शुद्ध नाही तोवर बसवून टाका, तिला कळणारसुद्धा नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. अण्णा पुढं आले, त्यांनी माझ्या आईच्या मनगटाखाली हात घातला आणि दुसरा तळवा तिच्या बरगडीला लावला. मी अण्णांशी तोवर कधी धडपणे बोललेही नव्हते. वाटी परत द्यायला गेले तरी खाली मान घालून जायची.

मी म्हणाले, "अण्णा, हात काढा."

त्यांना आधी ते कळलंच नाही. मी पुन्हा म्हटलं, आणि त्यांचं मनगट धरलं. ते माझ्याकडं बघत राहिले. रागावले नव्हते, चकित झाले होते.

"पोरी, तुज्या आईच्या भल्याचंच करायलोय म्या."

"व्हय अण्णा. पण तिनं नको म्हटलंय. गोळा काखेत उतरलाय, तिथनंच हाताची मोठी शीर जाते. ओढताना ती तुटली तर हात जाईल. शुद्धीवर होती तेव्हा नको म्हटलंय तिनं, आता ती गप हाय म्हणून कुणी हात लावायचा न्हाय."

मी एवढं सलग गावात कुणासमोर बोलले नव्हते. कुणीतरी मागून म्हणालं की पोरीचं काय ऐकता. अण्णांनी एकदा आईच्या काखेकडं बघितलं. मग त्यांनी हात काढून घेतला, दोन पावलं मागं सरले आणि त्या बायकांना म्हणाले, गप बसा गं. मला म्हणाले, "मंग काय पायजे ते सांग."

काय पाहिजे हे मला कुठं माहीत होतं? हात गळ्यात बांधायची झोळी इथं चालणार नव्हती. हात वर होता आणि बांधायला वर काही नव्हतं. मी घरातली वाकळ आणली, गुंडाळून दंडाच्या आणि कानाच्या मधल्या जागेत भरली, तरी कोपर आणि मनगट अधांतरीच. थोडं हललं की आई कण्हत होती. ती पुन्हा शुद्धीवर येत होती. मी इकडंतिकडं बघितलं. गोदाकाकू अजून डोक्यावर घागर घेऊनच उभ्या होत्या, एक हात वर करून घागरीच्या काठाला धरलेला. त्यांचा हात आणि माझ्या आईचा हात, आकार एकच. मी त्यांना घागर उतरवायला लावली आणि त्यांच्या डोक्यावरची चुंबळ मागितली. ती लहान पडली. मग आईचं जुनं लुगडं पिळून मी मोठी, जाड चुंबळ केली, आईच्या डोक्यावर ठेवली, आणि तिचं मनगट जिथं होतं तिथंच चुंबळीवर टेकेल एवढी ती उंच केली. हात चुंबळीपर्यंत आणला नाही, चुंबळ हातापर्यंत नेली. अण्णांनी खवा बांधायचं धुतलेलं मलमल फाडून पट्ट्या करून दिल्या. एक पट्टी मनगट आणि चुंबळ मिळून हनुवटीखाली, सैल. एक दंड आणि वाकळ मिळून छातीवरून दुसऱ्या काखेत. बांधताना आई मधेच म्हणाली, गाठ मागं नको, पुढं घे, सोडता आली पाहिजे. तेव्हा मला कळलं की ती आता पूर्ण जागी आहे.

त्याच्याही आधी बांगड्या काढायच्या होत्या. हात वर असल्यानं त्या मनगटावरून खाली घसरून हाताच्या जाड भागावर रुतल्या होत्या, आणि हात सुजायला लागला होता. साबण लावून पाहिला, निघेनात. हिरव्या काचेच्या बांगड्या. गोदाकाकूंनी माझा हात धरला. सुवासिनीच्या हातातल्या अशा काढत नाहीत, दादा गावाला गेलेत, काहीतरी वाईटवंगाळ होईल, असं त्या कळवळून म्हणत होत्या, आणि त्यांचं खरंच तसं मत होतं. आई डोळे न उघडता म्हणाली, "वाढव." मी टॉवेल खाली धरून चिमट्यानं एकेक वाढवली. काकूंनी तोंड फिरवलं, पण काचा पदरात गोळा करून त्यांनीच तुळशीत नेऊन ठेवल्या.

अण्णांचा खव्याचा टेम्पो रोज दुपारी बार्शीला जाई, त्या दिवशी तो लगेच काढला. आत केबिनमधे आईचा हात छताला लागत होता, म्हणून आम्ही मागं, उघड्यावर बसलो. खव्याच्या पाट्या एका बाजूला, आई पोत्यांवर टेकून, आणि मी तिच्या मागं गुडघ्यांवर, तिला धरून. लोकांनी चहा आणला होता तो तिनं नाकारला. बेशुद्ध करायचं झालं तर पोट रिकामं हवं. टेम्पो चालवायला रफिकभाई होते. ते म्हणाले, बाई, खड्डा आला की मी आधी हाक मारतो, मनाची तयारी ठेवा, आणि भूमपर्यंत ते प्रत्येक खड्ड्याला नाव घेतल्यासारखं ओरडत गेले.

वाटेत मी नाडी बघत होते. भूमच्या अलीकडं ती लागेना. मला वाटलं माझंच बोट चुकतंय. जागा बदलून पाहिली, तरी लागेना. आईची बोटं गार होती आणि ती म्हणाली की करंगळीत मुंग्या येतायत. मी पत्र्यावर थापटून टेम्पो थांबवला. धक्क्यांनी वाकळीची गुंडाळी घसरून खाली आली होती आणि काखेत दाबत होती, नेमकी जिथं दाबायची नाही तिथं. ती काढायची म्हणजे तेवढा वेळ हात कुणीतरी आहे त्याच जागी धरून ठेवायला हवा होता. रफिकभाई दंड धरून उभे राहिले, पण कोपर आणि मनगट उरलंच.

तेवढ्यात मागून एसटी आली आणि थांबली. उघड्या टेम्पोतल्या बाईचा हात वर दिसला, ड्रायव्हरला वाटलं गाडी पंक्चर झालेली दिसते, बाईंना यायचंय. कंडक्टरनं दारातून वाकून विचारलं, येताय का. आई म्हणाली, "न्हाय हो. खाली येईना म्हणून वर हाय." कंडक्टर क्षणभर बघत राहिला, मग तिकिटाची पेटी सीटवर ठेवून खाली उतरला आणि टेम्पोत चढला. त्यानं कोपर धरलं, जसं मी सांगितलं तसं, उचलायचं नाही, दाबायचं नाही, नुसतं आहे तिथं. सगळी एसटी खिडक्यांतून बघत होती. मी गुंडाळी सोडली, पातळ करून पुन्हा वळली, काखेपासून लांब, कानाच्या बाजूला भरली, आणि यावेळी पट्टी दुसऱ्या खांद्यावरून घेतली म्हणजे घसरणार नाही. मग मनगटाला बोटं लावून थांबले. आधी काहीच नव्हतं, आणि मग कातडीखाली धागा हलावा तसं काहीतरी हललं, गेलं, आणि पुन्हा आलं.

"लागली," मी म्हणाले.

कंडक्टर म्हणाला, बरं झालं, आणि खाली उतरून त्यानं घंटी मारली.

बार्शीला हाडाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात तासभरही गेला नसेल. मी एवढ्या खटाटोपानं बांधलेलं सगळं त्यांनी कात्रीनं चटचट कापून टाकलं, चुंबळ कोपऱ्यातल्या बादलीत गेली. त्यांनी आईचा हात सगळीकडून चाचपला, फोटो काढून घेतला, आणि मला विचारलं, "कुणी ओढला होता का आधी?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, बरं. मला बाहेर बसवलं. दाराआडून मला मोठा आवाज ऐकू येईल असं वाटत होतं, पण काहीच ऐकू आलं नाही. दार उघडलं तेव्हा आई झोपलेली होती आणि तिचा हात सगळ्यांच्या हातासारखा छातीवर, पट्टीत होता. तो खाली बघायची मला सवय राहिली नव्हती, इतक्यातच.

दादा परंड्याहून संध्याकाळी आले. निरोप त्यांना अर्धवटच मिळाला होता. दारातून त्यांना आधी तिचा पट्टीतला, बांगड्या नसलेला हात दिसला. ते तिथंच थांबले. मग त्यांनी तिच्या दुसऱ्या हातातल्या बांगड्या बघितल्या, तिचं पोट हलतंय ते बघितलं, आणि आत येऊन बाकावर बसले. आई नंतर म्हणाली, तुम्ही मला न बघता बांगड्याच बघत बसलात.

आईचा खांदा बसला. हात राहिला, बोटं राहिली. खांद्याच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढ्या जागेत तिला मात्र शेवटपर्यंत नीट कळलं नाही. डास चावलेला कळत नाही, बरंच आहे, ती म्हणायची. पुढं मी नर्सिंगला गेले, नोकरी केली, आता निवृत्त होऊनही काळ लोटला. नोकरीत मला तसला वर राहिलेला खांदा पुन्हा एकदाच भेटला. आता फोन केला की गाडी येते, गाडीत वाकवावी तशी वाकणारी पट्टी असते. तरी तिथल्या पोरांना हात खाली घ्यायची घाई झालेली मी पाहिली.

पण हे नंतरचं. आम्ही गावी परतलो त्या आठवड्यात आई हात गळ्यात अडकवून दिवसभर पुढच्या खोलीत बसायची, नाहीतर ओसरीवर. गोदाकाकू जेवण पाठवायच्या. अण्णा रोज येऊन जायचे, बाहेरच उभे राहून विचारायचे, बाई, आज कसं हाय. माझ्याशी ते पूर्वी बोलत नव्हते, आता नाव घेऊन हाक मारू लागले, एवढाच फरक. त्या प्रसंगाचा विषय त्यांनी काढला नाही.

तो आईनंच काढला. आम्ही दोघी जेवायला बसलो होतो. तिला भरवलेलं चालत नसे. ती डाव्या हातानं जेवायची, रागावून. मधेच ताटाकडं बघत म्हणाली की अण्णांनी हात धरला तेव्हा तिला शुद्ध होती. सगळं ऐकू येत होतं. तोंड उघडत नव्हतं फक्त. जीभ उचलेना, डोळे उघडेनात. अण्णांचा तळवा बरगडीला लागलेला तिला कळला होता.

मी विचारलं, "मग?"

"मला वाटलं, तू बाजूला होशील."

तिनं ते दोष देऊन म्हटलं नव्हतं, कौतुक करूनही नाही. पाऊस येईल असं वाटलं होतं, आला नाही, असं सांगावं तसं. ती डाव्या हातानं भाकरी मोडू बघत होती. कडेचा भाग कडक होता, ताट सरकत होतं, भाकरी मोडेना. माझे दोन्ही हात मोकळे होते. मी ते मांडीवर ठेवले आणि ताट सरकू नये म्हणून त्याच्या काठाला फक्त गुडघा लावला. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, पुन्हा भाकरीवर अंगठा दाबला, आणि या खेपेला तुकडा निघाला.